पायाची खोड

"ब्रेक बशिवलास का माझी थट्टा केलीस? आं? सांग की समद्यांम्होरं!"

रतन साळवे कमरेवर हात ठेवून ओरडत होता आणि त्याच्या पाठीमागे त्याचा ट्रक शेणाच्या ढिगात नाक खुपसून उभा होता. ढिगात शिरण्याआधी त्यानं तबेल्याचा पाण्याचा हौद अर्धा पाडला होता. पाणी सगळ्या आवारभर झालं होतं. आरे कॉलनीतल्या त्या तबेल्यात शंभरावर म्हशी, त्यांना आता पाणी कुठून पाजायचं याची कुणाला चिंता नव्हती. सगळे भांडण बघायला गोळा झाले होते. म्हशी तेवढ्या शहाण्या, त्या रवंथ करत होत्या.

हौदाच्या कडेला जानकीची बादली चेपून पडली होती. जानकी म्हशी धुवायचं काम करते. ती बादली ठेवून साबण आणायला वळली आणि मागून ट्रक आला. आता ती पायरीवर बसली होती. तिला कुणीतरी चहा आणून दिला तर तो अर्धा सांडला.

ज्याच्यावर ही तोफ डागली जात होती तो सहदेव परब. मूळचा मालवणकडचा, बाप गिरणीत होता, गिरणी गेल्यावर पोरगा पाना-पकड घेऊन विक्रोळीला हायवेच्या कडेला बसला तो बसलाच. रतनचा जुना दोस्त. महिनाभरापूर्वी त्यानंच या ट्रकचे जुने ब्रेक काढून नवे हवेचे ब्रेक बसवले होते. फोन गेला तसा तो हातातलं काम टाकून स्कूटरवरून आला होता.

सहदेव सरळ ट्रककडे गेला. केबिनमध्ये चढला, इंजिन सुरू केलं, हवेचा काटा वर चढेपर्यंत थांबला आणि ब्रेक दाबला. ट्रक मागे घेतला, पुढे घेतला, दाबला की जागच्या जागी उभा.

"लागता तर खरो," तो पुटपुटला.

"आत्ता लागतोय! तवा का न्हाई लागला? जानकीबाय मेली असती म्हंजी? तुझ्या दोस्तीपायी म्या फाशी जायाचं व्हतं व्हय रं?"

सहदेव डॅशबोर्डच्या खाली वाकला. बराच वेळ वाकून होता. काहीतरी चाचपलं, काहीतरी जोडलं, मग सरळ झाला आणि त्यानं रतनकडे एकदा नीट बघितलं. मग गोळा झालेल्या माणसांकडे बघितलं. आणि खाली उतरून, हात पुसत म्हणाला, "माजाच काय तरी चुकला असतला."

झालं. सगळ्यांनी ऐकलं.

आता हा रतन कसा माणूस, ते सांगायला हवं. जामखेडकडून पोरवयात मुंबईला आला, आरेतल्या पाड्याला लागून असलेल्या वस्तीत राहिला, ट्रकवर क्लीनर झाला, ड्रायव्हर झाला आणि शेवटी मालकानं मोडीत काढलेला ट्रक घेऊन त्याचा मालकही झाला. भिवंडीकडून हिरवा चारा भरायचा आणि आरेतल्या तबेल्यांना पोचवायचा. समोरच्या काचेवर निळ्या अक्षरात 'जय भीम', आणि मागच्या फळीवर लेकीचं नाव, दीप्ती. ट्रक असा म्हातारा की उभा असला तरी कण्हत असल्यासारखा वाटे.

त्याचे जुने ब्रेक तेलाचे होते आणि ते कधीच एका दाबात लागले नाहीत. पहिल्या दाबाला पेडल तळाला जायचं, दुसऱ्याला जरा अडायचं, तिसऱ्याला धरायचं. म्हणून रतनचा पाय उतारावर सारखा नाचायचा. दाब-सोड, दाब-सोड. वर तो डिझेलचा कंजूष. उतार लागला की इंजिन बंद करून गाडी मोकळी सोडायची. असं त्यानं जन्मभर केलं आणि कुणाच्या कोंबडीलाही धक्का लागू दिला नाही. चाऱ्याच्या बाजारात नवे ड्रायव्हर त्याला 'उस्ताद' म्हणत. त्याला ते फार आवडे.

पण तबेल्याचा मुकादम देवेश एक दिवस म्हणाला, "रतनभाऊ, गाडीला बरा ब्रेक बसवा, नायतर आत सोडणार नाही. इथे बायापोरं असतात." म्हणून ट्रक सहदेवकडे गेला. हवेची टाकी बसली, डॅशबोर्डवर काटा बसला, हवा कमी झाली की ओरडणारा भोंगा बसला. चावी देताना सहदेवनं बजावलं होतं:

"ह्यो बग, ह्यो तेलाचो न्हय. एकदाच दाबायचो आनि धरून ऱ्हवायचा. पंप मारू नको. येक येक दाबाक टाकीतली हवा जाता. आनि इंजान बंद करू नको, नायतर हवा भरतली खयसून? हवा सरली काय ब्रेक लागूचो नाय."

"आरं जा रं," रतन हसला होता. "तू पानं फिरीव. गाडी कशी चालवायची ती मला शिकवतूस?"

आणि तो भोंगा! सकाळी गाडी सुरू केली की टाकी भरेपर्यंत तो पींऽऽ करून बोंबलायचा. वस्तीतली माणसं दातण करता करता हसायची. "उस्ताद, म्हातारीला पोटात दुखतंय का?" तिसऱ्या दिवशी उस्तादानं भोंग्याची वायर उपटली.

डॅशबोर्डखाली वाकून सहदेवनं जोडली ती हीच वायर. पण रतनच्या डोक्यात तेव्हा नुसता राग होता. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण त्यानं हजारदा दुसऱ्यांना ऐकवली असेल, स्वतःच्या अंगणात उभं राहिल्यावर मात्र ती आठवत नाही.

बोभाटा व्हायला वेळ लागला नाही. चारा बाजारात, हायवेच्या धाब्यावर, सगळीकडे एकच: परबानं बसवलेला ब्रेक ऐन वेळी सुटला. सांगणारा कोण, तर उस्ताद. शेणाच्या गाडीवरचा श्रेयस आपला जुना ट्रक सहदेवकडे ब्रेकसाठी नेणार होता, त्यानं बेत रद्द केला. आणखी दोघांनी ठरलेलं काम काढून घेतलं. सहदेवच्या दारात उभ्या राहणाऱ्या गाड्या एकेक करून दिसेनाशा झाल्या. रतन जाता-येता ते बघायचा आणि मनात म्हणायचा, बरं झालं, धडा मिळाला.

मग एकदा शांताबाई ट्रकात बसली. शांताबाई म्हणजे रतनची बायको. वस्तीत ब्लाउज शिवते. मुलुंडला लेकीकडे गेली होती, येताना नवरा म्हणाला, चल, वाटेवरच आहे. आरेचा उतार लागला. हौद फोडल्यापासून रतन इंजिन चालू ठेवायचा, परत जोडलेली भोंग्याची वायरही त्यानं उपटली नव्हती, तेवढी भीती बसली होती. पण पाय मात्र सवयीनं चालला होता. अर्ध्या उतारावर भोंगा ओरडायला लागला.

"काय बोंबलतंय हे?" शांताबाईनं कान झाकले.

"काय न्हाय. परबाचं काम हाय, बोंबलंल न्हाईतर काय."

शांताबाई खाली बघत होती. तिनं विचारलं, "आन् तुम्ही शिलाई मशिनीवर बसल्यावानी पाय का हो हलवताय?"

"कुठं हलवतोय?"

"ह्यो काय! हाल्ला, हाल्ला, बघा. म्या इतका पाय मारला आस्ता तर चार झंपर झालं आस्तं."

रतननं खाली बघितलं. खरंच, पाय नाचत होता. त्याला त्याची खबरही नव्हती. प्रत्येक दाबाला कुठंतरी फुस्स होत होतं आणि डॅशबोर्डवरचा काटा एकेक घर खाली सरकत होता. त्यानं पाय दाबला आणि मुद्दाम, दातावर दात धरून, तिथंच ठेवला. ट्रक जागेवर थांबला. काटा हळूहळू वर चढला. भोंगा गप्प झाला.

तो तिथं रस्त्याच्या मध्यावर बसून राहिला. मागून बेस्टची बस हॉर्न मारत होती.

"आवं, काय झालं?" शांताबाई म्हणाली. "तोंड का आसं पडलं?"

रतनला सगळं एकदम दिसलं. इंजिन बंद, पाय नाचतोय, हवा चाललीय, आणि सांगणारा भोंगा आपणच मुका केलेला. हौद आपण फोडला. जानकीला मारता मारता आपण राहिलो. आणि शेणात उभं राहून शिव्या कुणाला दिल्या, तर एक शब्द उलटा न बोलणाऱ्या दोस्ताला. त्याच्या कानशिलापर्यंत लाज चढली. बायको शेजारी बसली होती, तिच्याकडे बघायची त्याला हिंमत होईना.

त्या दिवसापासून त्यानं विक्रोळीचा रस्ता सोडला. सहदेवचं गॅरेज वाटेत नको म्हणून तो भिवंडीहून घोडबंदरला वळसा घालून गोरेगावकडून आरेत येऊ लागला. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणारा हा माणूस, लाज वाचवायला कोसच्या कोस लांबचा फेरा घेऊ लागला. जेवण जाईना. कुणी 'उस्ताद' म्हटलं की त्याला वाटे, हा टोमणा मारतोय. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

पाय आणि भोंगा बघून शांताबाईला काय ते उमगलं होतंच; तिनं दोन-चार दिवस बघितलं आणि मग भाकरी ताटात आपटली. "परबभावजींच्या दारात कुत्रं बसतंय आता, ठावं हाय न्हवं? दीप्तीच्या लग्नात सवता मांडवाला उभं ऱ्हायलं व्हतं त्ये. जाऊन सांगा, न्हाईतर म्या जाते."

रतन गेला. भर दुपारची वेळ. गॅरेजमध्ये एकही गाडी नव्हती. सहदेव रिकाम्या टायरवर बसून जुने नट रॉकेलमध्ये धूत होता, काम नसलं की मेकॅनिक करतात तसं. रतन समोर उभा राहिला. 

"सहदेवा, ब्रेक तुझा चांगला हाय. पाय माझा वंगाळ निघाला."

सहदेवनं मान वर केली नाही. "ठावक आसा माका."

"काय ठावं हाय?"

"त्याच दिसा वळाकलंय. वायर काडलेली दिसली. टाकी रिकामी, इंजान बंद. मी काय बारको पोर आसंय?"

रतन ओरडलाच. "मग बोलला का न्हाईस? म्या तुला आयमाय काढून बोललो! समद्यांम्होरं!"

"काय बोलू?" सहदेवनं नट डब्यात टाकला. "डायवराचो पाय चुकता, असो बोभाटो झालो तर तुका चारो कोण भरून देतलो? तुजा घर तुज्या पायावर चलता, मेल्या. माजा काय, हातात पानो आसा तवसर खयव बसान खाईन."

"आरं, पर तुझं गिऱ्हाईक गेलं की!"

"येतली परत." मग पहिल्यांदाच कडवट आवाजात तो म्हणाला, "येक मात्र सांगतंय, रतन. तू इतक्या दिवसात वाट बदललंस. ता माका बोललंस त्यापरास जास्त लागला."

शिवी दिली असती, पाना फेकून मारला असता, तर रतनला बरं वाटलं असतं. तो गॅरेजमधून निघाला तेव्हा त्याला रस्ता नीट दिसत नव्हता. आपल्या पोटासाठी या माणसानं आपलं नाव मातीत जाऊ दिलं, आणि आपण जाता-येता त्याच्या रिकाम्या दाराकडे बघून मनात खूश होत होतो. याला काय म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी तबेल्याबाहेरच्या चहाच्या टपरीवर सगळे असताना रतन बाकड्यावर उभा राहिला. देवेश होता, श्रेयस होता, जानकी होती, बाजारातले चार ड्रायव्हर होते.

"ऐका," तो म्हणाला. "हौद म्या फोडला. परबाची काय चूक न्हाई. म्या इंजान बंद केलं, पाय हलवून हवा घालीवली, भोंग्याची वायर म्याच काढली व्हती. परबाचा ब्रेक एक नंबर हाय."

 मग देवेश पुढं आला आणि त्यानं रतनच्या खांद्यावर हात ठेवला.

"मानलं भाऊ तुम्हाला. दोस्तीखातर स्वतःच्या अंगावर घेताय."

"आरं घेतोय कुठं? खरं सांगतोय!"

"असा दोस्त पाहिजे यार," श्रेयस बाकीच्यांना म्हणाला. "समोरच्यानं वाट लावली, तरी हा त्याला वाचवतोय."

"श्रेयस, तुझ्या गळ्याची आण, माझ्या पायानं..."

"उस्ताद, तुमचा पाय चुकेल? कायतरी काय!" एक ड्रायव्हर हसला. "मन लई मोठं तुमचं."

जानकीसुद्धा म्हणाली, "भाऊ, मी रागावले नाय तुमच्यावर. तुमचा काय दोष? चा घ्या." आणि तिनं स्वतःच्या पैशाचा चहा त्याच्या हातात दिला.

रतन जितका ओरडला तितका तो मोठा होत गेला. खोटं बोलला तेव्हा माणसांनी एका दमात गिळलं आणि खरं बोलला तर कुणी तोंडात घेईना. जानकीचा चहा तो नुसता हातात धरून राहिला. ज्या बाईला आपण मारणार होतो ती आपल्याला चहा पाजते! शेवटी श्रेयस वर तोंड करून म्हणाला, "पण काय पण म्हणा, मी त्या परबाकडे गाडी नाय नेणार."

हे ऐकलं आणि रतननं ग्लास खाली ठेवला. बोलून भागणार नाही, हे त्याला उमगलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला! माणसं डोळ्यांनी बघतील तेव्हाच मानतील.

रविवारी दुपारी त्यानं ट्रक रिकामा केला आणि तबेल्याच्या उतारावर नेऊन लावला. उताराच्या तळाला सडक्या पेंढ्याचा डोंगरासारखा ढीग होता. शांताबाईनं आणि जानकीनं माणसं, पोरं, कुत्री सगळी रस्त्याच्या कडेला केली. देवेश कुरकुरत होता, "भाऊ, कशाला नसते उद्योग?" रतननं श्रेयसला शेजारी बसवलं.

"पाय माझा बघ. काटा बघ. आन् दिसंल त्ये वरडून सांग."

टाकी पूर्ण भरली. रतननं इंजिन बंद केलं आणि गाडी मोकळी सोडली. ट्रक हलला, आणि त्यानं पाय नेहमीसारखा चालवला. काही वेगळं करावंच लागलं नाही, पाय आपोआप नाचला. फुस्स. फुस्स. फुस्स.

"काटा खाली येतोय," श्रेयस ओरडला. "अजून खाली! उस्ताद, पाय धरा ना! धरा!"

भोंगा किंचाळायला लागला. कडेची माणसं मागे सरली. पेडल मोकळंच तळाला जाऊन आपटलं आणि 'उस्ताद' रतन साळवे, सगळ्या आरेच्या डोळ्यांसमोर, धडाम् करून पेंढ्याच्या ढिगात घुसला. सडका पेंढा काचेवर आला, खिडकीतून आत आला, त्याच्या टाळक्यावर बसला.

कुणी हसलं नाही आधी. मग एक पोर हसलं, आणि मग सगळा तबेला हसला. रतन पेंढा झटकत खाली उतरला. मान खाली होती.

"आता तू चालीव," त्यानं श्रेयसला सांगितलं. "इंजान चालू ठीव. उताराच्या मधी एकदाच दाब आन् सोडू नगंस."

श्रेयसनं ट्रक परत वर नेला, खाली सोडला आणि मध्यावर एकदाच पाय दाबला. ट्रक जागच्या जागी उभा राहिला, खिळा ठोकल्यासारखा. हसणं बंद झालं.

जानकी रतनजवळ आली. तिचा चेहरा बदलला होता. "म्हणजे त्या दिवशी तुम्हीच..."

"व्हय बाय. म्याच."

 ती एक पाऊल मागे सरकली. ते पाऊल रतनला सगळ्यांच्या हसण्यापेक्षा जड गेलं. पण हेच तर तो मागायला आला होता.

देवेशनं घसा खाकरला. "भाऊ, राग मानू नका. हौद तुम्ही बांधून द्याच. आणि तुमचा पाय सुधारेपर्यंत गाडी दुसऱ्यानं चालवायची. तुम्ही बसा बाजूला."

"बरुबर हाय," रतन म्हणाला.

श्रेयसनं आपला ट्रक त्याच संध्याकाळी सहदेवकडे ब्रेकला लावला, त्यामुळे रतनची गाडी चालवायला तो मोकळाच होता. दोन दिवसांनी चारा भरून ते दोघं भिवंडीहून निघाले आणि पुन्हा जुन्या वाटेनं विक्रोळीला आले. सहदेवच्या दारात तीन ट्रक होते. सहदेव एका चाकाखालून बाहेर आला आणि त्यानं बघितलं, स्टिअरिंगवर श्रेयस आणि क्लीनरच्या जागेवर रतन.

"खय बसलंस रे?" त्यानं विचारलं.

"बसवलंय मला."

सहदेव त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याला सगळं आधीच कळलं होतं, गाड्या काय उगाच आल्या होत्या? "गरज नाय होती, मेल्या," तो म्हणाला.  मग तो ओरडला, "चाय घेऊन जा, नायतर गाडी हलूक देवचंय नाय!"

तिघांनी उभ्या उभ्या चहा घेतला. 

आरेचा उतार लागला तेव्हा ऊन कलत होतं. श्रेयसनं ब्रेक दाबला आणि धरून ठेवला, ट्रक शहाण्यासारखा सावकाश उतरू लागला. रतनची नजर खाली गेली. त्याच्या बाजूला पेडल नव्हतं, नुसता पत्रा होता, आणि त्या पत्र्यावर त्याचा उजवा पाय नाचत होता. दाब-सोड, दाब-सोड. जित्याची खोड! त्यानं हळूच शेजारी बघितलं. श्रेयसला दिसलं होतं, पण त्या पोरानं नजर रस्त्यावर ठेवली. रतनला आपल्या पायाची इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं. त्यानं डावा पाय उचलला, उजव्या पायावर रोवून ठेवला, आणि तळ येईपर्यंत काढला नाही.